तीन मार्कांचा मुलगा: 'द वे, वे बॅक'मधल्या एका उन्हाळ्याची केस

गाडी चालू आहे. पुढे आई झोपलीये, मधल्या सीटवर आईच्या बॉयफ्रेंडची मुलगी झोपलीये, आणि सगळ्यात मागे, जिथे एरवी बॅगा टाकतात तिथे, उलट्या तोंडाच्या सीटवर १४ वर्षांचा डंकन बसलाय. म्हणजे बाकी सगळे जिकडे चाललेत तिकडे त्याची पाठ, आणि जे मागे सुटत चाललंय ते त्याच्या डोळ्यांसमोर. जुन्या अमेरिकन स्टेशन वॅगनमध्ये अशी सीट असायची, तिला 'वे बॅक' म्हणायचे, सिनेमाचं नाव तिथूनच आलंय. गाडी चालवणारा ट्रेन्ट आरशातून मागे बघतो आणि विचारतो, एक ते दहामध्ये तू स्वतःला किती देशील? पोरगा आधी टाळतो, माहीत नाही म्हणतो, ट्रेन्ट सोडत नाही, मग तो हळूच म्हणतो, सहा. आणि ट्रेन्ट म्हणतो, मला वाटतं तू तीन आहेस.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा इथेच थांबवून परत मागे नेला होता, कारण मला खात्रीच पटेना की एवढ्या शांत आवाजात हा माणूस खरंच हे बोलला. ओरडणं नाही, शिवी नाही, हात उगारणं तर नाहीच. आवाज असा की जणू टायरमध्ये हवा किती आहे ते सांगतोय. मला या लेखात फक्त हीच एक गोष्ट धरून चालायचंय, की एका मोठ्या माणसाने एका पोराला एक आकडा दिला, आणि पुढच्या एका उन्हाळ्यात त्या आकड्याचं काय झालं. वयात येण्याच्या सिनेमांबद्दल बोलताना लोक पहिलं प्रेम, पहिली दारू, पहिलं भांडण असं काय काय मोजतात, पण या सिनेमात बदल नेमका कशामुळे होतो हे नीट बघितलं तर तो या कशामुळेच होत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती या केसचाच भाग आहे. हे संभाषण कोणी टेबलावर बसून रचलेलं नाही. जिम रॅश आणि नॅट फॅक्सन या दोघांनी मिळून सिनेमा लिहिला आणि दिग्दर्शित केला, आणि त्यातल्या जिम रॅशने स्वतः मुलाखतींमधून सांगितलंय की तो १४ वर्षांचा असताना मिशिगनला सुट्टीवर जाताना गाडीत त्याच्या सावत्र वडिलांनी त्याला हाच प्रश्न विचारला होता आणि हाच आकडा दिला होता. रॅशचा जन्म १९७१चा, म्हणजे हिशोब केला तर १९८५च्या आसपासची गोष्ट. सिनेमा सनडान्स महोत्सवात दाखवला गेला जानेवारी २०१३ मध्ये. मध्ये जवळजवळ २८ वर्षं गेली, माणूस मोठा झाला, नट झाला, लेखक झाला, अलेक्झांडर पेनबरोबर 'द डिसेंडंट्स' लिहून २०१२ मध्ये ऑस्कर घेऊन आला, आणि तरी ते गाडीतलं वाक्य जागेवरच होतं. ही पटकथा मध्ये बरीच वर्षं पडून होती, २००७ च्या 'ब्लॅक लिस्ट'मध्ये, म्हणजे हॉलिवूडमधल्या लोकांना आवडलेल्या पण न बनलेल्या पटकथांच्या यादीत, तिचं नाव होतं, पण प्रत्यक्ष शूटिंग व्हायला २०१२ चा उन्हाळा उजाडला. मला यातली पैशांची आणि बक्षिसांची बाजू तेवढी महत्त्वाची वाटत नाही, फक्त एवढंच की ज्याला कोणी असा आकडा दिलाय त्याने तो २८ वर्षं सांभाळून ठेवला. माझ्याही बाबतीत नववीत असताना एका नातेवाइकाने चारचौघात एक वाक्य टाकलं होतं, ते इथे लिहीत नाही, पण ते बोलत असताना त्यांच्या हातात कुठल्या रंगाचा कप होता ते मला अजून आठवतं. त्यामुळे रॅशचं मला सगळं पटलं.

आता सीनकडे परत. ट्रेन्टचं काम केलंय स्टीव्ह कॅरेलने, ज्याला सगळे विनोदी नट म्हणून ओळखतात, आणि म्हणूनच तो इथे जास्त लागतो, कारण आपण नकळत हसायला तयार होऊन बसलेलो असतो. पहिली गोष्ट, आई झोपलेली आहे, म्हणजे साक्षीदार नाही. दुसरी गोष्ट, ट्रेन्टचा पूर्ण चेहरा आपल्याला दिसत नाही, आरशात फक्त डोळे दिसतात, डंकनला जेवढा ट्रेन्ट दिसतो तेवढाच आपल्यालाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात भयंकर वाटते, ती म्हणजे ट्रेन्ट आकडा देऊन थांबत नाही, तो कारण देतो. मी तुझ्या आईबरोबर आहे तेव्हापासून तू स्वतःहून कुठे मिसळताना दिसत नाहीस, माझ्या बीच हाऊसजवळ तुला भरपूर चान्स आहे, या सुट्टीत स्कोअर वाढव. म्हणजे शेवट प्रोत्साहनावर. आता या पोराने तक्रार करायची झाली तर कोणाकडे करायची आणि काय सांगायचं? आई उठल्यावर त्याने सांगितलं असतं तर ट्रेन्ट अगदी प्रामाणिकपणे म्हणाला असता की अगं मी तर त्याला उभारी देत होतो. आणि मला वाटतं त्याला स्वतःलाही तसंच वाटत असणार. तो सिनेमातला व्हिलन वगैरे नाहीये, तो असा माणूस आहे जो लोकांना मार्क देतो आणि त्यालाच काळजी समजतो.

घरी पोचल्यावर काय दिसतं? मॅसॅच्युसेट्सचा किनारा, उन्हाळा, आणि मोठी माणसं सुटलेली. शेजारच्या बेटीच्या हातात सकाळपासून ग्लास आहे आणि तोंड बंद होत नाही (ॲलिसन जॅनीने हे काम असलं केलंय की तिचा मुलगा पीटर, ज्याचा एक डोळा तिरळा आहे, त्याच्याबद्दल ती चारचौघात काय काय बोलते ते ऐकून आधी हसू येतं आणि मग त्या पोराचा चेहरा दिसतो). ट्रेन्टचे मित्र किप आणि जोन येतात, रात्री जागवल्या जातात, आणि मुलं आपापली कुठेतरी. बेटीची मुलगी सुझॅना डंकनला सांगते ते साधारण असं, की ही जागा म्हणजे मोठ्यांची कॉलेजची सुट्टी आहे. म्हणजे गंमत बघा, ज्या घरात १४ वर्षांच्या पोराला 'जरा मोठा हो' म्हणतात त्या घरात मोठं असं कोणीच उरलेलं नाही.

या घरातले दोन छोटे सीन आहेत, कोणी सांगितलं नाही तर सुटून जातील असे. एक बोटीवरचा. सगळे बोटीवर मजेत बसलेत, कोणीच लाइफ जॅकेट घातलेलं नाही, आणि ट्रेन्ट डंकनला ते घालायला लावतो. एकट्याला. सुरक्षेचं कारण आहे, कोण नाही म्हणणार? पण ते ढब्बं जॅकेट घालून तो पोरगा सगळ्यांच्या मध्ये बसतो तेव्हा कुणीही न बोलता सगळ्यांना कळतं की इथे एक लहान मूल आहे आणि ते कोण आहे. त्याची आई पॅम बघते, काहीतरी बोलायला बघते, आणि सोडून देते. तीन मार्क म्हणजे काय ते इथे अंगावर घातलेलं दिसतं.

दुसरा सीन 'कँडी लँड' खेळायचा. लहान मुलांचा बोर्ड गेम, सगळे बसून खेळतायत, पॅमच्या हातून सोंगटी चुकीची सरकते, आणि ट्रेन्ट नियम काढतो. नुसता आठवण करून देत नाही, हट्टच धरतो, नियम म्हणजे नियम, मागे जा. ट्रेन्ट आणि जोनचं काहीतरी चाललंय अशी पॅमला तोपर्यंत शंका आलेली आहे, बाकी खोलीतल्या मोठ्यांनाही अंदाज आहे, आणि ज्या माणसाने सगळ्यात मोठा नियम मोडलाय तोच सोंगटीच्या घरांवरून अडून बसलाय. मला हा सीन सिनेमातला सगळ्यात हुशार सीन वाटतो. कारण इथे कळतं की ट्रेन्टचे आकडे आणि ट्रेन्टचे नियम एकाच पोटातून येतात, दुसऱ्याला जागेवर ठेवलं की स्वतःच्या जागेबद्दल कोणी विचारत नाही.

तर असं घर, आणि त्यातून पोराला बाहेर पडायचंय. गॅरेजमध्ये त्याला एक जुनी सायकल मिळते, मुलीची, गुलाबी. तो ती घेतो आणि सुटतो. मला हे फार आवडतं की सिनेमा त्याला चांगली सायकल देत नाही. चारचौघात लाज वाटेल असंच वाहन, पण पाय त्याचे स्वतःचे आणि तोंड पुढच्या दिशेला. गाडीत तो मागे बघत होता, इथे पहिल्यांदा रस्ता त्याच्या समोर आहे.

ओवेन त्याला भेटतो तो पॅकमॅनच्या, म्हणजे त्या जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनवर, एका पिझ्झाच्या दुकानात. सॅम रॉकवेलने केलेला हा ओवेन 'वॉटर विझ' नावाच्या वॉटर पार्कवर काम करतो (हा पार्क खरा आहे, मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅमला, सिनेमात त्याचं खरंच नाव वापरलंय). आणि ओवेन काय करतो? सल्ला देत नाही. बडबडतो. एका वाक्यात तीन थापा, चेहरा सरळ, आणि डंकनला सुरुवातीला एकही जोक कळत नाही, तो सगळं खरंच समजून उत्तरं देतो, ओवेन त्याला सांगतो की अरे हसायचं असतं. इथे एक बारीक फरक आहे, तो मला तिसऱ्यांदा बघताना दिसला. ट्रेन्ट बोलतो तेव्हा डंकनला बरोबर उत्तर शोधावं लागतं. ओवेन बोलतो तेव्हा बरोबर उत्तर असं काही नसतंच, चेंडू आला की कसाही टोलवायचा. ज्या पोराच्या तोंडातून शब्द फुटत नाही त्याला असा माणूस हवा असतो ज्याच्यासमोर चुकीचं बोलताच येत नाही.

मग ओवेन त्याला कामावर ठेवतो. मला विचाराल तर केस इथेच फिरते, आणि यात मुलीचा, प्रेमाचा, बंडाचा काही संबंध नाही. कामाचा आहे. खुर्च्या लावणं, घाण उचलणं, रांगेत उभ्या पोरांना सांभाळणं, सगळं कंटाळवाणं. पण विचार करा, घरी सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर असतं, तो कसा बसतो, बोलतो का, जॅकेट घातलंय का. पार्कात लक्ष त्याने द्यायचं असतं. घरी तो तपासला जाणारा पेपर, आणि इथे तो चुकला तर कोणाची तरी ट्यूब अडकणार आहे म्हणून त्याचं असणं मोजलं जातं, मार्कांनी नाही, त्याच्याशिवाय अडतं म्हणून. आणि तो हे घरी सांगत नाही! रोज सायकलवर गायब होतो, संध्याकाळी परत येतो, कोणी फार विचारत पण नाही. लोक म्हणतील की पोरांनी लपवणं वाईट, असेलही, पण इथे लपवणं हाच त्याचा आसरा आहे, कारण एकदा का ट्रेन्टला कळलं की लगेच 'बघ, चार झालास' असं काहीतरी निघालं असतं आणि ती जागाही त्याच्या फुटपट्टीखाली आली असती.

पुठ्ठ्याचा सीन जसा आहे तसा सांगते. पार्कात एके ठिकाणी काही पोरं जमिनीवर पुठ्ठा अंथरून ब्रेकडान्स करतायत, गर्दी जमलीये, वाट अडलीये, आणि ओवेन डंकनला पाठवतो की जा, तो पुठ्ठा जप्त करून आण. आता हे काम म्हणजे त्याच्यासाठी फाशीच, अनोळखी पोरं, वयाने मोठी, त्यांच्यात जाऊन नाही म्हणायचं. तो जातो, घशात आवाज अडकतो, आणि ती पोरं म्हणतात पुठ्ठा हवा तर आधी नाचून दाखव. इथे एखादा सिनेमा काय करेल? पोरगा एकदम भन्नाट नाचायला लागेल, संगीत वाढेल, सगळे थक्क. हा सिनेमा तसं करत नाही. तो वाईट नाचतो. हात एकीकडे, गुडघे दुसरीकडे, तालाशी फारसा संबंध नाही, चेहरा लाल. पण थांबत नाही. आणि गर्दी ओरडते, हसते, पण ते हसणं वेगळं आहे, त्यात त्याला आत घेतलेलं आहे, आणि त्याला तिथल्या तिथे एक टोपणनाव मिळतं, 'पॉप अँड लॉक', अशाच नाचाच्या प्रकारावरून. आणि पुठ्ठा घेऊन तो परत येतो. मला हा सीन बघताना दर वेळी डोळ्यात पाणी येतं, कारण त्याला कोणीतरी पहिल्यांदा आकड्याऐवजी नाव दिलंय. नाव चेष्टेचं असलं तरी त्यात तो एकटाच मावतो. तीनमध्ये कोणीही मावतं.

डंकन झालेल्या लियाम जेम्सच्या कामाबद्दल बोललंच पाहिजे. शूटिंगच्या वेळी तो साधारण १६ चा असेल. सुरुवातीला बघा, खांदे पुढे पडलेले, अंग चोरून चालणं, हातांचं काय करायचं हे माहीत नसल्यासारखं. बदल एकदम होत नाही. पार्कात खांदे सरळ होतात आणि घराच्या दारात परत पडतात, पुन्हा पार्क, पुन्हा सरळ. बराच वेळ तो दोन शरीरं घेऊन फिरतो. ज्यांनी ज्यांनी त्या वयातली मुलं जवळून बघितली आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल, शिक्षक एक सांगतात, आई दुसरं सांगते, आणि दोघंही खरं बोलत असतात.

पॅमबद्दल लिहायला मला जास्त वेळ लागला. टोनी कोलेटने केलेली ही आई वाईट नाहीये, बेफिकीर तर मुळीच नाही, आणि त्यामुळेच तिचा राग येतो आणि राग आल्याचा परत त्रास होतो. नवरा गेलाय, तो कॅलिफोर्नियात आहे, एकटीने पोर वाढवायचंय, आणि हा ट्रेन्ट घर देतोय, कुटुंब देतोय, निदान त्याचं चित्र तरी देतोय. तिला दिसतं सगळं. बोटीवर दिसलं, कँडी लँडला दिसलं, जोनचंही कळलं. पण दिसलं म्हणून लगेच उठून जाता येतं असं नाही ना, आणि सिनेमा तिला घाई करत नाही. मला सुरुवातीला वाटलेलं की ही केस फक्त मुलाची आहे. आता वाटतं की गाडीत तो आकडा दिला गेला तेव्हा ती झोपलेली होती आणि हा सगळा उन्हाळा तिच्या जागं होण्याचाही आहे, दोघांचं घड्याळ वेगळ्या वेगाने चालतंय एवढंच.

स्फोट होतो एका पार्टीत. डंकन सगळ्यांसमोर आईला सांगतो की तुला माहितीये ट्रेन्टचं काय चाललंय आणि तरी तू गप्प आहेस. तो म्हणतो मी बाबाकडे जातो. आणि ट्रेन्ट दुसरा घाव घालतो: तुझ्या बापाला तू नको आहेस. इथे आपल्या लक्षात येतं की इतके दिवस हा पोरगा सगळं गिळत होता कारण त्याच्याकडे एक दार होतं, बाबाकडे जाता येईल असं, आणि ते दार लोकांसमोर लावून घेतलं गेलं. पहिला आकडा खासगीत दिला होता, हा जाहीर. आई अवाक. तो पळतो, सुझॅना त्याच्या मागे किनाऱ्यावर येते, धीर देते, तो तिला किस करायला जातो आणि ती दचकून मागे होते. हा भाग मी पटकन सोडतेय कारण सिनेमाही तिथे फार थांबत नाही, पण एक मात्र बरं केलंय की एका मुलीच्या होकारावर या पोराचा उद्धार टांगलेला नाही.

तो रात्र पार्कात काढतो. आणि सकाळी ओवेनला सांगतो. जे पहिल्या मिनिटापासून त्याने आईला, सुझॅनाला, कोणालाच सांगितलेलं नाही ते, की ट्रेन्टने मला विचारलं आणि मी तीन आहे म्हणाला. तो आकडा पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या तोंडातून बाहेर येतो. इथे मी श्वास रोखून बसले होते, कारण मला भीती होती की आता ओवेन म्हणणार, अरे वेडा आहेस का, तू तर दहा आहेस! बहुतेक सिनेमांनी हेच केलं असतं, आणि आपणही पोरांशी बोलताना हेच करतो, कोणी कमी मार्क दिले की आपण जास्त देतो. ओवेन आकडाच देत नाही. त्याच्या म्हणण्याचा रोख असा की हे त्या माणसाबद्दल आहे, तुझ्याबद्दल नाही, जो तुला ओळखत नाही तो काय सांगणार. आणि मग तो स्वतःच्या वडिलांबद्दल थोडंसं बोलतो, की म्हणूनच मला ठरलेले पॅटर्न आणि नियम आवडत नाहीत. पॅकमॅनच्या मशीनपाशी तो स्वतःची वाट काढ म्हणत होता तेव्हा ती बडबड वाटली होती, आता कळतं की ती कुठून आली. मला या सिनेमाची सगळ्यात मोठी कमाई हीच वाटते, फुटपट्टीवर तीनच्या जागी दहा लिहिलं नाही, फुटपट्टीच हातातून काढून घेतली. दहा दिले असते तर पोरगा परत कोणाच्या तरी मार्कांवरच उभा राहिला असता, फक्त परीक्षक बदलला असता.

तरीही मला काही गोष्टी खटकतात आणि त्या लिहिल्या नाहीत तर हा लेख खोटा होईल. पार्कात स्लाइडच्या वरच्या टोकाला कामावरची पोरं बिकिनीतल्या मुलींना मुद्दाम थांबवून ठेवतात, बघायला मिळावं म्हणून, आणि सिनेमा ते गमतीत घेतो. ज्या सिनेमाचा सगळा जीव 'दुसऱ्याला मोजू नका' यात आहे त्याच सिनेमात मुलींना रांगेत उभं करून मोजलं जातंय आणि ते दिग्दर्शकांच्या लक्षातही आलेलं दिसत नाही. सुझॅनाही तशी अर्धवटच आहे, तिच्या वडिलांचं काय, ती एवढी एकटी का, याचे धागे दिसतात आणि सुटतात. ओवेनही काही संत नाही, त्याच्याबरोबर काम करणारी केटलिन त्याच्या बेजबाबदारपणाला कंटाळलेली आहे, तिचं काम कोण करतं, उशीर कोणाला होतो, हे माया रुडॉल्फच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतं. पण हा दोष मला उलट उपयोगाचा वाटला. डंकनला वाचवणारा माणूस स्वतः धड नाही, स्वतःचंही त्याला नीट जमत नाही, आणि तरीही पोराच्या बाबतीत तो बरोबर वागला. आदर्श मोठा माणूस शोधत बसलो असतो तर हे पोर अजून गाडीतच असतं.

शेवटाकडे सगळे निघतात, सुट्टी मोडून, पार्टीनंतर कोणी कोणाकडे बघत नाही अशा अवस्थेत. गाडी पेट्रोलसाठी थांबते आणि डंकन उतरून पळत सुटतो, थेट वॉटर विझमध्ये, आणि ओवेनला घेऊन स्लाइडवर. पार्कात एक दंतकथा आहे की त्या बंद नळीत मागचा माणूस पुढच्याला ओलांडून बाहेर येऊ शकतो का, आणि कोणी ते केलंय का. डंकन ते करतो. हा भाग मला जरा जास्तच नेटका वाटला, सगळी मंडळी नेमकी खाली हजर, सगळ्यांसमोर विजय, वगैरे. पण त्यानंतर एक साधी गोष्ट होते, तो ओवेनची आणि आईची ओळख करून देतो, आणि ओवेन तिला तिच्या मुलाबद्दल चांगलं बोलतो, ट्रेन्ट उभा आहे तिथेच. पॅमच्या चेहऱ्यावर त्या क्षणी अभिमान आहे आणि त्याहून जास्त आश्चर्य आहे, की हा सगळा उन्हाळा माझा मुलगा इथे होता, या लोकांना तो माहीत आहे, आणि मला नाही. स्लाइडपेक्षा मला तो चेहरा जास्त लक्षात राहिला.

मग परत तीच गाडी, तीच उलटी सीट. आणि पॅम पुढून उठते. ट्रेन्ट काहीतरी म्हणत राहतो, काय करतेस, बस खाली, पण ती चालत्या गाडीत सीटवरून पाय टाकून मागे येते, मधली सीट ओलांडते, आणि मुलाशेजारी बसते. बोलणं नाही. मी एकदा फक्त हे बघायला परत लावला की ती पुढून मागे कशी येते, आणि ते अजिबात सुंदर नाहीये, अवघड आहे, गुडघा अडकतो असं वाटतं, मोठ्या बाईने असं चढणं शोभत नाही असंच दिसतं.

माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं आहे की इथे पॅमने ट्रेन्टला सोडलं, विषय संपला. मला तसं वाटत नाही. गाडी अजून ट्रेन्टच चालवतोय, घरी पोचल्यावर बॅगा उतरवायच्या आहेत, कोणाच्या कुठे जाणार हे कोणी ठरवलेलं नाही, आणि डंकनचा बाप अजून कॅलिफोर्नियातच आहे, त्याने काही फोन केलेला नाही. यावर आमचं आत्तापर्यंत दोनदा वाजलंय. ती म्हणते मी उगाच शंका काढते, मी म्हणते परत बघ, आरशात ट्रेन्टचे डोळे अजून आहेत, फक्त आता मागे दोघं बसलेत.